मोबाईलमधले पुस्तक : स्वस्त कुठे, फुकट कुठे आणि फसगत कुठे?

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट आहे. दहावीची परीक्षा देऊन बसलेली शेजारची मुलगी एके दिवशी दुपारी आमच्या दारात येऊन उभी राहिली. "काका, अजून एखादं गोष्टीचं पुस्तक आहे का? होती तेवढी सगळी वाचून झाली."

आमच्या घरी पुस्तकांचे मोठे कपाट नाही. लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत जेवढी मावतात तेवढीच. ती तिने महिन्याभरात संपवली होती. मग आम्ही तिला घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेलो. एक जाडशी कादंबरी तिने हातात घेतली, मागे वळवून किंमत पाहिली आणि काही न बोलता जागेवर ठेवून दिली. तिची आई चार घरी पोळ्या लाटते, वडील कंत्राटावर गाडी चालवतात. त्या किमतीत त्यांच्या घरी आठवड्याची भाजी येते, हे त्या पोरीला कोणी सांगावे लागले नाही.

संध्याकाळी तिचे वडील आम्हाला म्हणाले, "भाऊ, पुस्तकं महाग म्हणता, पण ही दिवसभर त्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसते त्याचं काय?" तेव्हा आमच्या मनात आले, ज्या मोबाईलवरून घराघरांत भांडणे होतात, त्याच मोबाईलमध्ये हिला पुस्तके मिळवून देता आली तर? त्यानंतर तीन-चार महिने आम्ही या गोष्टीचा पाठपुरावा केला. त्यात थोडे पैसे वाचले, थोडे बुडाले, आणि एकदा चांगलीच मान खाली घालावी लागली. तो सारा अनुभव वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

जुनी आवड, नवी वाट

स्वस्तात पुस्तक शोधणे आपल्याला नवे नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणारी माणसे परत येताना पिशवीत आधी पुस्तके भरतात. पोटाला चिमटा घेऊन पुस्तक घेण्याचा धडा तर बाबासाहेबांनीच घालून दिला. न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली होती. तेव्हा सवलत शोधण्यात कमीपणा काही नाही. फक्त पूर्वी पदपथावरचे ढीग उपसावे लागत, आता पडद्यावरचे उपसावे लागतात.

ई-पुस्तक म्हणजे काय?

अनेकांचा समज असा की ई-पुस्तकासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागते. तसे यंत्र मिळते आणि डोळ्यांना ते बरे, पण ते घेतलेच पाहिजे असे नाही. किंडल, गुगल प्ले बुक्स किंवा पुण्याच्या बुकगंगाचे ॲप साध्या मोबाईलवर फुकट उतरवून घेता येते. पैसे पडतात ते पुस्तकाचे. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरमध्ये आली. त्याआधी तिथे मराठी वाचकाला फारसे काही नव्हते.

एक फरक मात्र समजून घ्यावा. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा जसाच्या तसा फोटो. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर तो सारखा मोठा करावा लागतो, इकडून तिकडे सरकवावा लागतो, आणि दहा पानांत वाचणारा कंटाळतो. दुसरा प्रकार 'ईपब'. त्यात अक्षर आपल्या डोळ्यांच्या मानाने लहान-मोठे करता येते आणि ओळी आपोआप जुळतात. आमच्या शेजारच्या ताईने पहिल्यांदा पीडीएफ उघडली आणि "मला नाही जमत" म्हणून बंद केली. तीच कादंबरी दुसऱ्या प्रकारात दिली, तर रात्री अकरापर्यंत तिच्या खोलीतला उजेड दिसत होता. फुकट मिळो की विकत, आधी हा प्रकार पाहावा.

कराचीही एक गंमत आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर मात्र आरंभी १८ टक्के कर होता. २०१८ मध्ये, ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावरचा कर ५ टक्क्यांवर आणला गेला. म्हणून छापील आणि ई-पुस्तक यांची किंमत जवळजवळ सारखी दिसली, तर छापीलच घ्यावे. ते चार घरी फिरते.

किंमत कधी उतरते?

ई-पुस्तकाला कागद लागत नाही, गोदाम लागत नाही. त्यामुळे विक्रेता त्याची किंमत आज उतरवतो आणि उद्या चढवतो. भाजीबाजारात संध्याकाळी भाव पडतात, तसेच हे. या चढ-उताराचा फायदा घ्यायचा असेल तर घाई करू नये. हवी ती पुस्तके ॲपमधल्या आवडीच्या यादीत टाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा ती यादी उघडून पाहावी. सणासुदीला, वर्षाअखेरीस, २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाच्या सुमारास सवलती निघण्याचा संभव अधिक असतो. आम्ही यादीत टाकलेल्या एका रहस्यकादंबरीची किंमत दीड महिन्याने निम्म्याहून खाली आली.

दुसरी गोष्ट नमुन्याची. बहुतेक दुकानांत पुस्तकाची पहिली काही पाने फुकट वाचायला मिळतात. कापड घेताना आपण बोटांनी चाचपून पाहतो, तशी ही पाने वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टंकलेखनाच्या चुका, तुटलेली जोडाक्षरे, बेफिकीर भाषांतर, सारे तिथेच उघडे पडते.

तिसरी गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. जे लेखक स्वतःच किंडलवर पुस्तक काढतात, त्यांना तिथल्या एका योजनेत ९० दिवसांतून ५ दिवस आपले पुस्तक फुकट ठेवता येते. नवे लेखक वाचक मिळावेत म्हणून ही सोय वापरतात. मालिकेतला पहिला भाग फुकट किंवा नाममात्र किमतीला आणि पुढचे भाग पूर्ण किमतीला, अशीही रीत आहे. पहिला भाग आवडला नाही तर तिथेच थांबावे. फुकट मिळाले म्हणून गोळा करीत बसले की मोबाईल भरतो, डोके रिकामेच राहते.

कोणत्या आवडीला काय?

कथा-कादंबरीत प्रत्येकाची आवड निराळी. आमच्याच घरात चार माणसांच्या चार तऱ्हा. म्हणून प्रकारवार सांगतो.

सामाजिक कादंबरी ज्यांना आवडते, त्यांच्यासाठी जुने मराठी भांडार विनामूल्य खुले आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. विधवांच्या हालअपेष्टांवरची ही कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. एका मुलीचे लग्न, वैधव्य आणि तिच्यावरचा जुलूम ती स्वतःच्या तोंडून सांगते. भाषा जुनी आहे, पण आमच्या घरच्या मंडळींनी ती वाचून दोन दिवस स्वयंपाकघरात तीच चर्चा चालवली. साने गुरुजींचे लेखनही आता मुक्त आहे. इंटरनेट आर्काइव्ह आणि मराठी विकिस्रोत या दोन ठिकाणी अशी जुनी पुस्तके शोधावीत.

ज्यांना हिंदी वाचता येते त्यांनी प्रेमचंद जरूर वाचावेत. ते १९३६ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या मूळ हिंदी कथा मुक्त आहेत. 'ठाकूर का कुआँ' ही विहिरीच्या पाण्याची गोष्ट जेमतेम काही पानांची आहे. 'सद्गती'वर सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये चित्रपट केला. प्रेमचंदांनी केलेल्या चित्रणावर दलित लेखकांनी आक्षेपही घेतले आहेत. म्हणूनच कोणाच्या सांगण्यावर न जाता मूळ कथा स्वतः वाचावी आणि मग बोलावे.

ऐतिहासिक कादंबरीसाठी पुन्हा आपटेच. त्यांची 'उषःकाल' शिवकाळावरची. रहस्यकथा आवडणाऱ्यांना आणि इंग्रजी सुधारू पाहणाऱ्या मुलांना आर्थर कॉनन डॉयलचा शेरलॉक होम्स द्यावा. त्याच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा आहेत. एक कथा एका बैठकीत संपते. विज्ञानकथेत ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स, भयकथेत ब्रॅम स्टोकरचा १८९७ चा 'ड्रॅक्युला'. ही सर्व इंग्रजी पुस्तके प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ठिकाणी मिळतात. मायकेल हार्ट नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने १९७१ मध्ये विद्यापीठाच्या संगणकावर एक मजकूर स्वतः टंकून हे काम सुरू केले. आज तिथे ७०,००० हून अधिक पुस्तके आहेत. नाव नोंदवावे लागत नाही, पैसे नाहीत. गंमत अशी की हीच पुस्तके काही विक्रेते 'मोठ्या सवलतीत' म्हणून विकतात. फुकटच्या पाण्याची बाटली करून विकावी, तसा हा प्रकार.

मुलांसाठी प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले स्टोरीवीव्हर आहे. चित्रांसह मराठी गोष्टी तिथे विनामूल्य वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने नॅशनल बुक ट्रस्टमार्फत राष्ट्रीय ई-पुस्तकालय सुरू केले. अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तके तिथे मुलांच्या वयोगटाप्रमाणे लावलेली आहेत. नव्या मराठी लेखकांची पुस्तके ई-साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य देते आणि ती लेखकांच्या संमतीने देते, हे महत्त्वाचे.

कथा-कादंबरी नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, ज्यांचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये निघाला, ते सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहेत. कोणी त्यासाठी पैसे मागू लागला तर देऊ नयेत.

फुकट केव्हा, चोरी केव्हा?

इथे कायद्याची एक ओळ समजून घ्यावी. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष धरून साठ वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले. त्यांच्या लेखनाचा हक्क संपत आला, तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली.

हिशेब सोपा आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांचे लेखन मुक्त. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली त्यांची १९५९ ची 'फकिरा' आज कोणी मोबाईलवर फुकट पाठवली, तर ती कोणाच्या परवानगीने, हे विचारले पाहिजे. बाबूराव बागूल २००८ मध्ये गेले. त्यांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' सवलतीत शोधावे, छापील घ्यावे, वाचनालयातून आणावे, पण चोरून वाचू नये. भाषांतराचा हक्क निराळा असतो, हेही लक्षात ठेवावे. मूळ इंग्रजी पुस्तक मुक्त असले, तरी त्याचे आजचे मराठी भाषांतर मुक्त असतेच असे नाही.

हे उपदेशाचे बोल आम्ही सुखासुखी लिहीत नाही. आमच्या मोबाईलवर एका हयात लेखकाच्या कादंबरीची पीडीएफ आली होती. आपल्याच माणसाचे पुस्तक, चार लोकांनी वाचावे, या भावनेने आम्ही ती वस्तीच्या गटावर टाकली. पंधरा-वीस जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. आम्हालाही बरे वाटले. पुढे एका कार्यक्रमात त्या लेखकाची गाठ पडली. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "दादा, तुमची कादंबरी आमच्या सगळ्या वस्तीने वाचली." ते हसले आणि म्हणाले, "आनंद आहे. पण प्रकाशक म्हणतो, प्रती खपत नाहीत, दुसरी आवृत्ती काढणार नाही. मग वाचली कुठून?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. ज्या समाजाच्या लेखकांना मोठ्या प्रकाशकांनी वर्षानुवर्षे दारात उभे केले नाही, ज्यांची पुस्तके लहान प्रकाशकांनी कर्ज काढून छापली, त्यांच्याच पोटावर आपण प्रेमाने पाय देत होतो. घरी येताच ती फाईल गटावरून काढली, चूक कबूल केली, आणि त्या कादंबरीच्या पाच प्रती वर्गणी काढून मागवल्या. दोन प्रती आजही वस्तीत फिरत आहेत.

महिन्याच्या वर्गणीचे जाळे

दुसरी ठेच पैशाची. पहिला महिना फुकट, नंतर दरमहा ठरावीक रक्कम, आणि हवी तेवढी पुस्तके वाचा, अशा योजना अनेक कंपन्यांच्या आहेत. अशाच एका योजनेत आम्ही नाव घातले. महिना संपला, मुले शाळेच्या गडबडीत, पुस्तक कोणी उघडले नाही. मात्र खात्यातून पैसे जात राहिले. चौथ्या महिन्यात पासबुक भरून आणले तेव्हा घरात जो काही संवाद झाला तो इथे छापण्यासारखा नाही!

दोष एकट्या कंपनीचा म्हणता येणार नाही. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना आल्या होत्या, आम्ही इतर संदेशांच्या गर्दीत त्या वाचल्या नाहीत. म्हणून सांगतो, फुकटचा महिना घेतलात तर त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला लाल गोल करा. महिन्याला तीन-चार पुस्तके खरोखर वाचून होत असतील तरच वर्गणी परवडते. सुट्टीत दोन महिने घ्यावी, शाळा सुरू झाली की बंद करावी.

ऐकण्याच्या पुस्तकांनाही हेच लागू. स्टोरीटेलसारख्या ठिकाणी मराठी कादंबऱ्या ऐकायला मिळतात. डोळ्यांचे ऑपरेशन झालेल्या आमच्या आत्याला त्याचा फार उपयोग झाला. गरज संपली तेव्हा आठवणीने वर्गणीही थांबवली.

विकत घेतले म्हणजे आपले झाले का?

नाही. हे कटू सत्य आहे. बहुतेक ठिकाणी ई-पुस्तकाचे पैसे देऊन आपण पुस्तक घेत नाही, वाचण्याची परवानगी घेतो. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. ज्याने ती तिथे विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हता, हे कारण. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीने माफीही मागितली. पण सत्ता माणसाच्या वाचनावर कशी नजर ठेवते हे सांगणारी कादंबरीच वाचकाच्या हातातून नाहीशी व्हावी, यावर जगभर चर्चा झाली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. तेव्हाही पैसे परत दिले, पुस्तके मात्र गेली.

म्हणून आमच्या घरी आता नियम केला आहे. एकदा वाचून सोडून द्यायची रहस्यकथा, प्रेमकथा सवलतीत मोबाईलवर. जे पुस्तक लेकरांनी आणि पुढे त्यांच्या लेकरांनी वाचावे असे वाटते, ते कागदावर, थोडे पैसे साठवून.

घरातली शिस्त

मोबाईलवर वाचताना मधेच टिंग वाजते आणि मूल पुस्तकातून उठून चित्रफितीत जाते. त्यासाठी पुस्तक उतरवून झाले की इंटरनेट बंद करून वाचायला सांगावे. अंधारात, अंथरुणात पडून वाचू देऊ नये. अक्षर मोठे ठेवावे. मुलांच्या हाती बँकेचा परवलीचा क्रमांक देऊ नये. खरेदी आईने किंवा वडिलांनी करावी. त्या निमित्ताने मूल काय वाचते तेही कळते.

आणि एक. घरात एकच मोबाईल असेल तर तो आधी मुलाच्या हाती जातो, मुलीची पाळी नंतर येते. वाचनासाठी मुलीचा तास ठरवून द्या. पुस्तक फुकट मिळाले, पण ते वाचायला मोबाईलच मिळाला नाही, तर या साऱ्या सवलतींचा काय उपयोग?

शेजारच्या त्या मुलीने आतापर्यंत तेवीस पुस्तके वाचली. वहीत नोंद ठेवली आहे. त्यातली सतरा विनामूल्य, चार सवलतीत घेतलेली आणि दोन छापील. परवा तिचे वडील दारातून आत डोकावले, तर पोरगी मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली. ते रागावणार तोच ती म्हणाली, "पप्पा, थांबा, शेवटची चार पानं राहिलीत." ते काही न बोलता बाहेर ओट्यावर येऊन बसले. थोड्या वेळाने आम्हाला विचारू लागले, "भाऊ, मला वाचण्यासारखं काही असतं का त्याच्यात? अक्षर मोठं असलेलं?"

कात्रण करून ठेवा

१. आधी विनामूल्य ठिकाणी पाहा, मग सवलत शोधा, मगच पूर्ण किंमत.
२. नमुन्याची पाने वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.
३. मोबाईलसाठी पीडीएफपेक्षा ईपब बरे.
४. लेखक जाऊन साठ वर्षे झाली का, हे मोजा. झाली नसतील तर फुकटची फाईल पुढे पाठवू नका.
५. वर्गणीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा.
६. जपून ठेवायचे पुस्तक कागदावरच घ्या.